चेहरे पांढरेफटक, मागे काळोख

प्रश्न : माझ्या इन्स्टंट कॅमेऱ्याने (ज्यातून फोटो लगेच कागदावर बाहेर येतो) घरात काढलेल्या फोटोंत चेहरे पांढरेफटक येतात आणि मागची खोली काळीकुट्ट दिसते. जवळून काढलेले फोटो धूसर येतात, शिवाय चौकटीत एका बाजूला सरकलेले असतात. बाहेर आलेला फोटो हलवल्याने काही फायदा होतो का?

उत्तर : आपल्या वर्णनावरून कॅमेऱ्यात बिघाड दिसत नाही. फ्लॅशचा उजेड अंतराबरोबर झपाट्याने घटतो. अंतर दुप्पट झाले की तो चौथ्या हिश्श्यावर येतो. त्यामुळे एक मीटरवरच्या चेहऱ्यावर जेवढा उजेड पडतो, त्याचा सोळावा हिस्साच चार मीटरवरच्या भिंतीवर पडतो, आणि एवढी तफावत एकाच चित्रात सामावून घेणे इन्स्टंट फिल्मला जमत नाही. माणसाला भिंतीच्या जवळ उभे करून आपण दीड-दोन मीटर मागे सरावे. त्याहून उत्तम म्हणजे खिडकीचा उजेड चेहऱ्यावर येईल असे त्याला उभे करावे. माझ्या मते निम्मे फोटो एवढ्यानेच सुधारतात.

इन्स्टॅक्स मिनी या फुजीफिल्मच्या छोट्या इन्स्टंट कॅमेऱ्यांपैकी साध्या कॅमेऱ्यांना क्लोज-अपची (जवळून फोटो काढण्याची) सोय वापरली नाही, तर साधारण ६० सेंटिमीटरच्या आतले स्पष्ट टिपता येत नाही. व्ह्यूफाइंडर, म्हणजे डोळा लावून चौकट पाहायची खिडकी, लेन्सच्या शेजारी असल्याने त्याला दिसते ते आणि लेन्सला दिसते ते जवळच्या अंतरावर जुळत नाही. म्हणून चौकट जुळवून झाली की व्ह्यूफाइंडर होता त्या जागी लेन्स येईल इतका कॅमेरा सरकवावा आणि मगच बटण दाबावे.

फोटो हलवू नये. खालच्या रुंद पांढऱ्या पट्टीत रसायनाची पुडी असते. फोटो बाहेर पडताना कॅमेऱ्यातले रोलर ती फोडून रसायन थरांमध्ये पसरवतात. हलवल्याने ही क्रिया लवकर होत नाही, उलट कागद वाकून चित्रावर डाग उमटू शकतात. इन्स्टॅक्सचे चित्र दीडेक मिनिटात उमटते. पोलरॉइड या दुसऱ्या कंपनीच्या रंगीत इन्स्टंट फिल्मला मात्र १० ते १५ मिनिटे लागतात, आणि बाहेर येताच तिला उजेडापासून जपावे लागते, म्हणून फोटो लगेच पालथा ठेवावा. ही फिल्म १३ ते २८ अंश सेल्सिअसमध्ये चांगली उमटते. गारठ्यात रंग निळसर पडतात, तेव्हा फोटो कोटाच्या आतल्या खिशात ठेवावा.

सारख्या अंतरावर तेच ठिपके पुन्हा पुन्हा दिसू लागले, तर रोलरवर रसायन सुकले आहे असे समजावे आणि फिल्मचा पॅक संपल्यावर ते ओलसर मऊ फडक्याने पुसून, पूर्ण कोरडे झाल्यावरच नवा पॅक घालावा.