आजी पाण्याखालून बोलते!

प्रश्न: आमचं घर साखर पेठेत, भिंतीपलीकडे यंत्रमाग. आजी निम्मं तेलुगू, निम्मं मराठी अशा गोष्टी सांगते. त्या मोबाइलवर रेकॉर्ड करून मी ऑडॅसिटी या आवाज-संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये साफ करते. मागाची खटखट जावी म्हणून नॉइज रिडक्शन (नको असलेला आवाज कमी करणारी सोय) दोन-तीनदा दिलं, तर आजी पाण्याखालून बोलल्यासारखी वाटायला लागली. मागे संगीत घातलं की शब्दही बुडतात. काय करू?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर: ताई, मूळ फाइल जपली असेल तर तीच पुन्हा उघडा. नॉइज रिडक्शन एकसारख्या आवाजावर चालतं, म्हणजे पंख्याची घरघर किंवा फ्रिजची गुणगुण. मागाची खटखट पडते, थांबते, पुन्हा पडते. तिच्यामागे लागलं की आजीच्या आवाजाचे लचके निघतात, तेच तुम्ही ऐकताय.

म्हणून माग बंद असतील ती वेळ गाठा. मे महिन्यात सोलापुरात पंखा बंद करा असं मी कोणत्या तोंडानं सांगू? चालू राहू द्या, पण आजी बोलायच्या आधी दहा सेकंद सगळ्यांनी गप्प बसा. तेवढाच तुकडा निवडून ‘गेट नॉइज प्रोफाइल’ दाबा, मग सगळं रेकॉर्डिंग निवडून नॉइज रिडक्शन 6 ते 9 डेसिबल, एकदाच. या सगळ्याआधी 80 हर्ट्झचा हाय-पास फिल्टर द्या, म्हणजे त्याखालचे जाड, खर्जातले आवाज कमी होतात. विजेची गुणगुण 50 हर्ट्झची असते, ती बरीचशी खाली बसते. आजीच्या पाठीमागे दोरीवर जाड सोलापुरी चादर दुहेरी टाका. खोलीचा घुमारा कमी होईल. माग मात्र चादरीला दाद देत नाहीत.

रेकॉर्ड करताना आवाजाची पातळी दाखवणाऱ्या मीटरचा काटा -12 ते -6 डेसिबलच्या मध्ये नाचू द्या. शून्याला भिडून फाटलेला आवाज नंतर धड शिवता येत नाही.

संगीताचं सोपं आहे. संगीताचा ट्रॅक वर, आजीचा लगेच खाली. फक्त वरचा निवडून ‘ऑटो डक’ द्या; आजी बोलली की संगीत आपोआप दबतं. खरं सांगू? मी संगीत घालणारच नाही. माग चालू असताना मिनिटभर नुसता त्यांचा आवाज वेगळा घ्या आणि गोष्टीत विणकर आला की एन्व्हलप टूलनं (आवाज हवा तिथे कमी-जास्त करणाऱ्या साधनानं) हळूच वर आणा. ज्या खटखटीवर तुम्ही वैतागलाय, ती पुण्या-मुंबईचे लोक शोधत फिरतील.

आणि शांत जागा कापून टाकणाऱ्या ‘ट्रंकेट सायलेन्स’ला हात लावू नका. राक्षस दारात आला की आजी थांबते, ते थांबणं गोष्टीतच मोडतं. नातवंडांचे ‘हूं... मग?’ हेही कापायचे नाहीत. हुंकार देणारं कुणी समोर नसेल तर आजीचा सूर लागायचा नाही, माइक कितीही भारी घ्या.

शेवटी एक प्रत डब्ल्यूएव्हीमध्ये, म्हणजे आवाजाचा दर्जा न घटवणाऱ्या फाइलमध्ये काढून पेनड्राइव्हवर ठेवा. नातेवाइकांना व्हॉट्सअॅपवर मोनो (एकाच चॅनेलची) एमपीथ्री ही छोटी फाइल पुरे.