कोळसा, मशाली आणि चांदणं

सप्रेम आशीर्वाद.

तुझं चित्र मिळालं. दोन दिवस टेबलावर समोर ठेवून पाहत होतो. होडी पाण्यात छान बसली आहे, लाटांची चाल तुला नेमकी सापडली आहे. पण रात्र दाखवायची म्हणून तू आभाळात काळा आणि प्रशियन निळा भरभरून ओतलास आणि मधोमध कोरा पांढरा चंद्र ठेवलास. चंद्र दिसतो, पण चांदणं पडलेलं दिसत नाही. त्याबद्दलच लिहितो.

इंग्लिश निसर्गचित्रकार टर्नरचं १८३५ सालचं एक चित्र आहे, चंद्रप्रकाशात कोळसा चढवणाऱ्या नावाड्यांचं. वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरी ऑफ आर्टमध्ये ते आहे. आकार साधारण तीन फूट बाय चार फूट. इंग्लंडच्या ईशान्येला टाइन नदी समुद्राला मिळते, तिथलं दृश्य. खाणींतला कोळसा सपाट बुडाच्या होड्यांतून नदीने खाली यायचा. या होड्यांना ‘कील’ म्हणत. नदीच्या मुखाशी तो शिडाच्या मोठ्या जहाजांवर चढवायचा आणि भरती साधून जहाजं निघायची. अंग मोडून टाकणारं काम. हे चित्र हेन्री मॅकॉनेल या मँचेस्टरच्या कापडगिरणी मालकाने करवून घेतलं होतं. आदल्या वर्षी त्यानेच टर्नरकडून व्हेनिसचं लख्ख उन्हातलं चित्रही घेतलं होतं. दोन्ही शेजारी ठेवून पाहा. साठीला आलेल्या टर्नरने कोळशाच्या धक्क्यावर व्हेनिसइतकीच माया केली आहे, हे मला फार मोठं वाटतं.

या चित्रात अंधार शोधायला गेलास की फारसा सापडत नाही. आभाळ फिकट निळं, चंद्राभोवती पिवळसर पांढरं, जवळजवळ दिवसासारखं. ही धड रात्र नाही आणि धड दिवस नाही, असं त्या काळीही कुणी म्हणून गेलं. तरीही पाहणाऱ्याच्या मनात रात्रच उतरते. त्याचं कारण उजव्या बाजूला आहे. तिथे मशाली पेटल्या आहेत आणि त्यांच्या नारिंगी जाळापुढे होड्या, माणसं, डोलकाठ्या काळ्याभोर उभ्या आहेत. तो जाळ पाहिलेला डोळा शेजारचा फिकट रंग आपोआप गार मानतो. छापील प्रत मिळाली तर मशालींवर तळहात ठेवून बघ. मी ठेवला होता. चांदणं तिथल्या तिथे मलूल झालं.

आपल्याला असंच काहीतरी करावं लागतं, कारण ट्यूबमधला पांढरा काळ्यापेक्षा फार तर वीस-तीस पटींनीच उजळ असतो. खरा चंद्र आणि खालचं काळं पाणी यांच्यातलं अंतर त्याच्या कितीतरी पलीकडचं. तेवढा उजेड रंगात नाहीच. तो शेजार जुळवून भासवावा लागतो.

निळ्याचंही तसंच. चांदणं मुळात निळं नसतं. तो सूर्याचाच परतलेला उजेड, किंचित तांबूसच. उजेड मंदावला की डोळ्यातल्या रंग ओळखणाऱ्या पेशी नीट काम करेनाशा होतात, लाल आधी बुडतो, निळा त्यामानाने टिकतो. म्हणून तुझ्या होडीवरचा तो लाल पट्टा रात्री इतका लाल दिसणार नाही. तो जवळजवळ काळा कर.

आता पाणी. टर्नरने पाण्यावरच्या चंद्राच्या उजेडात रंग इतका जाड लावला आहे, की तो लेप दालनातला उजेड स्वतःवर झेलतो. तू तिथे पातळ वॉश, म्हणजे नुसता पाणीदार रंगाचा हात, दिलास. शिवाय तुझी उजेडाची वाट चंद्राकडून तिरकी होडीकडे गेली आहे. तसं कधी होत नाही. ती चंद्राच्या बरोबर खालून, सरळ पाहणाऱ्याकडेच येते. शेजारी उभ्या माणसाला त्याची वेगळी वाट दिसते. पाणी शांत असेल तर ती अरुंद, लाटा असतील तर पसरट. आणि चंद्र लहान कर. हात लांब करून करंगळी धरलीस की खरा चंद्र तिच्यामागे सहज लपतो.

शेवटचं, हवा. तुझं आभाळ कोरडं आहे. टर्नरच्या हवेत दमटपणा आहे, धूर आहे. चंद्राजवळची शिडं त्यात विरघळल्यासारखी दिसतात. समुद्रावर चंद्राला खळं पडलेलं तू लहानपणापासून पाहिलं असशील. ते आठव.

हे सगळं पत्रातून शिकून होणार नाही. आपल्या किनाऱ्यावर पौर्णिमेच्या संध्याकाळी जाऊन उपयोग नाही, चंद्र पाठीमागे, माडांवरून उगवतो. शुद्ध अष्टमी-नवमीला रात्री दहा-अकराला जा, म्हणजे तो समुद्रावर कललेला असेल. पौर्णिमाच हवी असेल तर पहाटे साडेचारला ऊठ. रंग घरी ठेव. राखाडी कागद, पांढरा खडू आणि कोळशाची कांडी पुरे. बॅटरी लावू नकोस, डोळ्यांना अर्धा तास अंधाराची सवय होऊ दे.

चंद्राच्या खाली क्षितिजाची रेघ नेमकी कुठे हरवते आणि कुठे पुन्हा सापडते, तेवढं टिपून आण. मासेमारीची एखादी होडी दिवा लावून गेली तर तिच्या दिव्याचा रंगही लिहून ठेव. कागद चुरगळलेला असला तरी तसाच पाठव.

तुझा,
सर