खानदेशातलं वांगं आणि इंग्रजी ‘ब्रिंजल’ एकाच शब्दापासून आले का?

हो, जळगावकडचं भरिताचं हिरवट वांगं आणि बियाण्याच्या पाकिटावरचं ‘ब्रिंजल’, दोन्हींचं मूळ संस्कृत ‘वातिंगण’. प्राकृतात ते ‘वाइंगण’ झालं. त्यातून आपलं वांगं, हिंदीतलं बैंगन. दुसरी वाट पश्चिमेला गेली: फारसीत बादिंगान, अरबीत बाझिंजान, पोर्तुगीजांच्या तोंडी बेरिंजेला, आणि त्यांच्यामार्फत परत इकडे येऊन ब्रिंजल. फ्रेंच ‘ओबर्जीन’ही त्याच घरातलं, त्यातला ‘ओ’ म्हणजे शब्दाला चिकटून बसलेलं अरबी ‘अल्’, इंग्रजी ‘द’सारखं उपपद. किती सुंदर आहे हे! मात्र ‘वात घालवतं म्हणून वातिंगण’ ही फोड मागाहून जुळवलेली वाटते. संस्कृतातला शब्दच बहुधा द्राविडी भाषांतून आलेला. तमिळमध्ये ‘वळुदुणै’ आहे. ‘एगप्लांट’चा याच्याशी संबंध नाही, ते अंड्यासारख्या पांढऱ्या वांग्यावरून पडलेलं नाव.