मामांनाही मे महिन्यात पाठवा

प्रश्न : माझी मुलगी उद्यानविद्येची पदवी घेते आहे. महापालिकेत उद्यान अधीक्षक व्हायचं म्हणते. तिचे मामा चिडवतात, 'एवढं शिकून शेवटी माळीच होणार!' या नोकरीत नेमकं काय काम असतं? – एक आई, कोपरगाव

उत्तर : ताई, महापालिकेच्या उद्यान विभागात मी ३१ वर्षं काढली. मामांचं बोलणं मला लागलं नाही. खोडाला चिकटून केलेलं माझं पहिलं आळं मोडून, 'साहेब, पाणी मुळ्यांना पाजायचं, बुंध्याला नाही,' हे मला एका माळ्यानंच शिकवलं.

फुलांशी गाठ दिवसातून तासभर. बाकी निविदा, टँकर आणि वृक्षतोडीचे अर्ज. १९७५ च्या कायद्यामुळे शहरात परवानगीशिवाय झाड तोडता येत नाही, म्हणून जागेवर जाऊन पाहणी करावी लागते. अर्जात 'धोकादायक' लिहिलेलं असतं. जाऊन बघावं तर झाड ठणठणीत, दुकानाची पाटी तेवढी झाकलेली!

एका ५ जूनला पाहुण्यांच्या हस्ते २०० रोपं लावली. फोटो झाले. पाऊस आला जुलैत आणि देखभालीचा ठेका मंजूर झाला पुढच्या मार्चमध्ये. निम्मी रोपं करपली. त्यानंतर तीन वर्षांच्या पाण्याची तरतूद दिसेपर्यंत मी खड्डे घेऊ दिले नाहीत. या हट्टापायी वरिष्ठांची बोलणीही खाल्ली.

मुलीला मुंबईत दोन बागा दाखवा. मलबार हिलचं हँगिंग गार्डन पाण्याच्या टाक्यांवर आहे. तिथे वड-पिंपळाचा विचारच नको. धारावीलगतचं, मिठी नदीकाठचं ३७ एकरांचं महाराष्ट्र निसर्ग उद्यान पूर्वी कचऱ्याचा डेपो होतं. १९९४ मध्ये ते लोकांसाठी खुलं झालं आणि आज तिथे चक्क जंगल आहे. बाग आखताना पायाखाली काय आहे, हे आधी बघायचं. कारंजं नंतर.

कारंज्यावरून आठवलं. आमच्या एका बागेत बायका फिरकत नव्हत्या. नगरसेवक म्हणाले, रंगीत दिवे लावू. मी जाऊन पाहिलं, तर स्वच्छतागृहाला आतून कडीच नव्हती. कडी बसवली, दिवसभर एक बाई नेमली. महिन्याभरात संध्याकाळी बाकं भरू लागली.

कॉलेजात मुलीनं मातीचा अभ्यास मन लावून करावा आणि अंदाजपत्रक वाचायला शिकावं. कंत्राटदार ते तिच्याआधी वाचून आलेला असतो. सुट्टीत तिला आठ दिवस एखाद्या माळ्याच्या हाताखाली काम करू द्या, तेही मे महिन्यात. मामांनाही सोबत पाठवा.