वाचकांचे प्रश्न : नात्यातला भाडेकरू आणि सरकारी भत्ता

प्रश्न : माझा धाकटा भाऊ ४१ वर्षांचा असून दीर्घ मानसिक आजारामुळे त्याला नोकरी करता येत नाही. त्याला युनिव्हर्सल क्रेडिट (कमी उत्पन्न असलेल्यांना मिळणारा सरकारी भत्ता, ज्यात घरभाड्याचाही भाग असतो) आणि पर्सनल इंडिपेंडन्स पेमेंट (दीर्घ आजार किंवा अपंगत्वासाठीचा भत्ता) मिळते. इंग्लंडमध्ये ज्या फ्लॅटमध्ये तो गेली काही वर्षे भाड्याने राहतो, तो फ्लॅट घरमालक आता विकणार आहे. आम्हा पती-पत्नींकडे थोडी बचत आहे. कर्ज काढून सुमारे दोन लाख पौंडांचा फ्लॅट घ्यावा आणि तो भावाला भाड्याने द्यावा, असे आमच्या मनात आहे. मात्र मालक सख्खी बहीण असल्यामुळे त्याच्या भाड्याची मदत बंद होईल, असे एका परिचितांनी सांगितले. हे खरे आहे का?

उत्तर : आपल्या परिचितांनी सांगितले ते अर्धेच खरे आहे. घरमालक जवळचा नातेवाईक आहे एवढ्याच कारणावरून युनिव्हर्सल क्रेडिटमधील घरभाड्याचा भाग नाकारता येत नाही. तो नाकारला जातो तो मुख्यतः तीन प्रसंगी : नातेवाईक मालक त्याच घरात भाडेकरूबरोबर राहत असेल तर, भाड्याचा व्यवहार व्यावसायिक स्वरूपाचा नसेल तर, किंवा सरकारी मदत उकळण्यासाठीच तो रचलेला असेल तर. आपण भावापासून वेगळ्या राहता, त्यामुळे पहिला प्रसंग येथे उद्भवत नाही. तिसऱ्याचीही मला फारशी धास्ती वाटत नाही, कारण आपला भाऊ आजही परक्या मालकाला भाडे देतो, त्यासाठी मदत घेतो आणि मालक घर विकत असल्यामुळे त्याला दुसरीकडे जावेच लागणार आहे. सध्याचा करार, घर सोडण्याची नोटीस आणि आजवर भरलेल्या भाड्याचा पुरावा मात्र जपून ठेवावा.

खरी परीक्षा दुसऱ्या मुद्द्यावर होते. निर्णय घेणारा अधिकारी कागदावर काय लिहिले आहे एवढ्यावर थांबत नाही; प्रत्यक्ष व्यवहार कसा चालतो हे तो पाहतो. भाडे कशाच्या आधारे ठरवले, ते नियमित येते का, दुरुस्ती कोण करतो, आणि भाडे थकले तर आपण काय कराल, अशा स्वरूपाचे प्रश्न येऊ शकतात. त्यांपैकी शेवटच्या प्रश्नावर बहुतेक कुटुंबे अडखळतात, कारण मनातले प्रामाणिक उत्तर ‘भाऊच आहे, काढणार कुठे?’ असे असते आणि ते तसेच लिहून दिले की देणे बंधनकारक नसल्याचा निष्कर्ष काढायला वाव मिळतो. कर्जाचा हप्ता भाड्यावर अवलंबून असेल तर तसे स्पष्ट सांगावे. भाडे थांबल्यास घर राखता येणार नाही, हेही व्यावसायिक व्यवहाराचेच लक्षण आहे. भाडे बाजारापेक्षा थोडे कमी असले किंवा बहिणीला भावाची काळजी असली, म्हणून करार आपोआप खोटा ठरत नाही. परंतु देणे खरे असले पाहिजे आणि ते वसूल करण्याची आपली तयारी हवी.

बँकेतील व्यवहाराकडे विशेष लक्ष द्यावे. युनिव्हर्सल क्रेडिट साधारणपणे महिन्यातून एकदा भाडेकरूच्याच खात्यात जमा होते. त्यानंतरच्या एक-दोन दिवसांची तारीख ठरवून भावाच्या खात्यातून आपल्या खात्यात पूर्ण भाड्याची स्टँडिंग ऑर्डर (दरमहा ठरावीक रक्कम आपोआप पाठवण्याची बँकेला दिलेली सूचना) लावावी. त्याच आठवड्यात आपल्या खात्यातून त्याच्याकडे ‘किराणा’ किंवा ‘खर्चासाठी’ म्हणून शंभर-दोनशे पौंड परत जाऊ लागले, तर तेच पैसे गोल फिरत आहेत असे दिसेल. भावाला मदत करायचीच असेल तर ती वस्तुरूपाने करावी आणि भाड्याच्या पैशांत मुळीच मिसळू नये. आजारपणामुळे त्याला पैशांचे नियोजन जमत नसेल, किंवा दोन महिन्यांचे भाडे थकले असेल, तर घरभाड्याची रक्कम थेट घरमालकाला देण्याची विनंती करता येते.

फ्लॅट किती खोल्यांचा घ्यावा, याचा विचार किमतीइतकाच महत्त्वाचा आहे. खासगी घरासाठी मिळणारी मदत लोकल हाउसिंग अलाउन्सच्या (भाड्याच्या मदतीसाठी सरकारने ठरवलेल्या कमाल मर्यादेच्या) दरापलीकडे जात नाही. हा दर विभागानुसार आणि बेडरूमच्या संख्येनुसार ठरतो आणि प्रत्यक्ष भाडे त्याहून कमी असेल तर तेवढेच मिळते. एकट्या माणसाला एका बेडरूमचा दर लागू होतो. पस्तिशीच्या आतील एकट्या व्यक्तीला सहसा सामायिक घरातील खोलीचाच दर मिळतो, पण आपल्या भावाच्या बाबतीत हा प्रश्न नाही. रात्री मुक्कामी राहून देखभाल करणाऱ्या, एरवी तेथे न राहणाऱ्या व्यक्तीची गरज सिद्ध झाली तर आणखी एक बेडरूम मंजूर होऊ शकते. मात्र दुसरी खोली ‘मी आले की राहायला’ म्हणून आपले कपाट आणि सामान ठेवून राखून ठेवू नये. त्यामुळे आपणही तेथेच राहता की काय, अशी नसती शंका निर्माण होते.

आता खर्चाकडे वळतो, कारण भत्त्याच्या काळजीत हा भाग मागे पडतो. आपले स्वतःचे राहते घर असेल तर नव्या फ्लॅटवर वाढीव स्टॅम्प ड्युटी लागेल. इंग्लंडमध्ये ऑक्टोबर २०२४ च्या अखेरीपासून हा अधिभार ५ टक्के आहे, म्हणजे दोन लाख पौंडांच्या फ्लॅटवर नेहमीचे १,५०० आणि अधिभाराचे १०,००० असे मिळून ११,५०० पौंड. कर्जाबाबत सांगायचे तर, साधे बाय-टू-लेट कर्ज (भाड्याने देण्यासाठी घर घेताना मिळणारे कर्ज) अशा घराला बहुधा चालत नाही. आई-वडील, मुले, भावंडे, आजी-आजोबा किंवा नातवंडे घराच्या ४० टक्के किंवा त्याहून अधिक भागात राहणार असतील, तर ते कर्ज नियंत्रित गृहकर्जाच्या नियमांखाली येते आणि असे कर्ज मोजकेच सावकार देतात. भाऊ राहणार आहे हे लपवून स्वस्त कर्ज घेण्याचा सल्ला कोणी दिला तर तो ऐकू नये. ती सावकाराची फसवणूक ठरते.

भाड्याचे उत्पन्न आपल्या करपात्र उत्पन्नात धरले जाते. कर्जावरील व्याज वजा होत नाही, त्यावर फक्त मूळ (बेसिक) दराने करसवलत मिळते. भाडे बाजारभावापेक्षा कमी ठेवल्यास खर्चाची वजावट त्या भाड्याच्या रकमेपुरतीच मिळते आणि तोटा पुढे ओढता येत नाही.

भावाची स्वतःची बचत या खरेदीत घालू नये, हे मी आग्रहाने सांगतो. त्याचे पैसे गुंतले तर घरात त्याचा हिस्सा आहे असे मानले जाऊ शकते, आणि स्वतःच्या मालकीच्या घरासाठी भाड्याची मदत कोणी मागू शकत नाही. ट्रस्ट करून भावाला लाभार्थी नेमण्याची कल्पनाही अशीच अंगाशी येते.

परक्या भाडेकरूला लागू होणारे सगळे नियम भावालाही लागू होतात : दरवर्षी गॅस सुरक्षेचे प्रमाणपत्र, पाच वर्षांतून एकदा विजेच्या जोडणीची तपासणी, किमान ‘ई’ दर्जाचे ऊर्जा प्रमाणपत्र, आणि अनामत घेतल्यास ती ३० दिवसांत मान्यताप्राप्त योजनेत जमा करणे. १ मे २०२६ पासून इंग्लंडमध्ये कारण न देता घर रिकामे करून घेण्याची तरतूद संपुष्टात येते. पुढे आपल्यालाच घर विकायचे झाले, तरी भाडेकरू राहायला आल्यापासूनचे पहिले वर्ष विक्रीचे कारण देऊन घर रिकामे करून घेता येत नाही आणि नंतरही चार महिन्यांची नोटीस द्यावी लागते. भावाला अशी नोटीस देण्याची वेळ आली तर काय करायचे, याचे बोलणे खरेदीपूर्वीच घरात व्हावे.

मदतीचा निर्णय प्रत्यक्ष भाडेकरार झाल्यावरच होतो, त्यामुळे खरेदीपूर्वी हमी कोणीही देऊ शकत नाही. नकार आलाच तर सामान्यतः एका महिन्यात फेरविचार मागता येतो आणि त्यानंतर न्यायाधिकरणाकडे जाता येते, पण त्यात काही महिने सहज जातात. तेवढ्या काळाचे हप्ते आपल्या पगारातून भरता येत नसतील, तर हा व्यवहार करू नये.

प्रश्न : आमची आई सत्तर वर्षांची आहे. तिचे घर मी विकत घ्यावे आणि तिने भाडेकरू म्हणून त्याच घरात राहून हाउसिंग बेनिफिट (पेन्शनच्या वयातील भाडेकरूंना भाड्यासाठी मिळणारा भत्ता) घ्यावे, हे चालेल का?

उत्तर : जवळजवळ नाहीच. गेल्या पाच वर्षांत स्वतःच्या मालकीचे असलेल्या घराच्या भाड्यासाठी हाउसिंग बेनिफिट मिळत नाही. घर विकल्याशिवाय तेथे राहणे शक्यच नव्हते, हे दाखवता आले तरच अपवाद होतो. शिवाय योग्य किंमत दिली तर आईजवळ मोठी रक्कम येईल, आणि १६,००० पौंडांहून अधिक बचत असल्यास, पेन्शन क्रेडिटचा (कमी उत्पन्नाच्या वृद्धांसाठीच्या भत्त्याचा) गॅरंटी भाग मिळत नसेल, तर हा भत्ता बंदच असतो. घर स्वस्तात घेतले तर भत्त्यासाठी मुद्दाम मालमत्ता कमी केली असा ठपका येतो आणि ती रक्कम तिच्याकडे आहे असे धरूनच हिशेब होतो. घराचा खर्च आईला झेपत नसेल, तर आधी पेन्शन क्रेडिट आणि कौन्सिल टॅक्समधील (घरावरील स्थानिक करातील) सवलत यांसाठी अर्ज करावा.

प्रश्न : वेगळे घर घेण्याऐवजी आमच्याच घरातील एक खोली भावाला भाड्याने दिली तर?

उत्तर : एकाच घरात राहणाऱ्या जवळच्या नातेवाइकाला दिलेल्या भाड्यासाठी मदत मिळत नाही. आई-वडील, मुले, भावंडे, सासू-सासरे, सून-जावई, सावत्र आई-वडील व मुले आणि या सर्वांचे जोडीदार जवळच्या नात्यात येतात. चुलत-मामे भावंडे, काका, मावशी किंवा भाचा या यादीत नाहीत. त्यांच्या बाबतीत व्यवहार खरा आहे का, एवढेच तपासले जाते.