सातबारा कोरा आहे, पण जमिनीवर दावा आहे का हे कसं शोधायचं?

प्रश्न: वाई तालुक्यात एक एकर शेतजमीन घ्यायचं ठरलंय. मी स्वतः खातेदार शेतकरी आहे. सातबारावर दोन भावांची नावं आहेत, बोजा काही नाही. जमीन त्यांच्या आजोबांपासूनची. दोन लाख रुपये देऊन विसारपावती केली, खरेदीखत महिन्याभरात करायचं आहे. परवा बांधाशेजारचे गृहस्थ म्हणाले, "या गटावर बहिणींनी दावा लावलाय." थोरल्या भावाला विचारलं तर तो म्हणाला, "तो कधीच मिटला." मी ई-कोर्ट्सवर त्याचं नाव टाकून पाहिलं, काही सापडलं नाही. पुढे जाऊ का? – एक वाचक, पुणे

उत्तर: अजून जाऊ नका, आणि दावा आहे की नाही हे कळेपर्यंत आणखी एक रुपयाही देऊ नका. शेजाऱ्याचं म्हणणं खरंच असेल असं नाही. पण स्क्रीनवर काही आलं नाही म्हणजे दावा नाही, असंही होत नाही. तुम्ही एक नाव, एक वर्ष आणि एक कोर्ट पाहिलंत. यातली एक गोष्ट जरी बदलली तरी दावा समोर येऊ शकतो.

आधी नावाचं पाहू. ई-कोर्ट्सवर, म्हणजे न्यायालयांच्या सरकारी संकेतस्थळावर, गट नंबर टाकून दावा शोधायची सोय नाही, शोध माणसाच्या नावानेच घ्यावा लागतो. 'केस स्टेटस' उघडायचं, राज्य, जिल्हा आणि कोर्ट संकुल निवडायचं, मग पक्षकाराच्या नावाच्या रकान्यात किमान तीन अक्षरं टाकायची. नोंदी बहुतेक रोमन लिपीत आहेत, आणि खरी गोची इथेच होते. समजा थोरल्या भावाचं नाव दत्तात्रय आहे. लिहिणाऱ्याने शेवटी 'वाय' लावला की 'वायए', की नुसतंच 'दत्ता' लिहिलं, हे तुम्हाला घरबसल्या कळणार नाही. म्हणून पूर्ण नाव टाकूच नका. सुरुवातीची चार अक्षरं टाका आणि जी यादी येईल ती डोळ्यांखालून घाला. आडनावाने वेगळा शोध घ्या, वडिलांच्या नावाने वेगळा. बहिणींच्या माहेरच्या आडनावाने शोधत बसू नका, कारण दाव्यात त्या सासरच्या नावाने असतात आणि ते नाव तुम्हाला ठाऊक नसतं. दावा बहिणींनी लावला असेल तर भाऊ प्रतिवादी असणार. त्यामुळे दोन्ही भाऊ, वडील, आजोबा आणि आई हयात असेल तर आई, अशा प्रत्येकाच्या नावाने शोध घ्या. शोध कुटुंबाचा घ्यायचा, गटाचा नाही.

आता वर्ष. नावाने शोधताना दावा नोंदल्याचं वर्ष भरावंच लागतं, आणि एका वेळी एकच वर्ष भरता येतं. तुम्ही बहुधा यंदाचं किंवा गेल्या वर्षीचं टाकलं असेल. वडील वारले त्या वर्षापासून आजपर्यंतचं प्रत्येक वर्ष, प्रत्येक नावासाठी तपासा. 'प्रलंबित' आणि 'निकाली' यांच्या जोडीला 'दोन्ही' असा पर्याय आहे, तोच निवडा. नुसतं 'प्रलंबित' ठेवलं तर "मिटलेला" दावा दिसणारच नाही, आणि तुम्हाला नेमका तोच पाहायचाय. काम कंटाळवाणं आहे, पण एका सुट्टीच्या दिवसात होतं आणि त्याला पैसे पडत नाहीत. हीच माहिती पैसे घेऊन देणाऱ्या खासगी संकेतस्थळांच्या नादी लागू नका.

तिसरी गोष्ट कोर्टाची. स्थावर मालमत्तेचा दावा जिथे ती मालमत्ता आहे तिथल्या कोर्टात लावायचा, असं दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम १६ सांगतं. म्हणून तुम्ही फक्त वाई पाहिलंत. पण वाटपाच्या दाव्यात कुटुंबाच्या सगळ्या मिळकती एकत्र येतात, आणि त्या वेगवेगळ्या कोर्टांच्या हद्दीत असतील तर कलम १७ प्रमाणे त्यांपैकी कुठल्याही एका कोर्टात दावा लावता येतो. या भावांच्या वडिलांचं पुण्यात एखादं घर किंवा साताऱ्यात एखादा प्लॉट असेल, तर वाईच्या जमिनीवरचा दावा पुण्याला किंवा साताऱ्याला चालू असू शकतो. बहिणी पुण्यात राहत असतील तर त्यांना तेच सोयीचं पडतं. त्यातही दाव्याच्या मूल्यांकनाप्रमाणे तो दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तराकडे जातो किंवा वरिष्ठ स्तराकडे. पुण्यासारख्या संकुलात तर एकाच आवारात अनेक आस्थापना, म्हणजे वेगवेगळी न्यायालयं, असतात आणि प्रत्येक आस्थापना वेगळी निवडावी लागते. तेव्हा कुटुंबाची आणखी मिळकत कुठे कुठे आहे, ही चौकशी आधी गावात करा आणि मग ती सगळी कोर्टं पाहा.

दावा सापडला तर सगळ्यात आधी सीएनआर नंबर उतरवून घ्या. हा सोळा अक्षरी-अंकी नंबर प्रत्येक प्रकरणाचा स्वतंत्र असतो. सुरुवातीला राज्य आणि जिल्ह्याची खूण, शेवटी वर्ष. पुण्याच्या प्रकरणांचे नंबर 'एमएचपीयू'ने सुरू होतात. एकदा हा नंबर हाती आला की नावाच्या स्पेलिंगची कटकट संपते. ई-कोर्ट्सच्या मोबाईल अ‍ॅपमध्ये तो जतन करून ठेवा, म्हणजे पुढच्या तारखा दिसत राहतील.

मग दाव्याचा प्रकार बघा. 'आर.सी.एस.' म्हणजे नियमित दिवाणी दावा, 'स्पेशल' म्हणजे वरिष्ठ स्तराकडचा विशेष दावा, 'आर.सी.ए.' म्हणजे जिल्हा न्यायालयातलं अपील, 'दरखास्त' म्हणजे हुकूमनाम्याची (कोर्टाच्या अंतिम निर्णयाची) अंमलबजावणी. खाली तारखांची यादी आणि अपलोड झालेले आदेश असतात. त्यात निशाणी ५ वरचा आदेश शोधा. आपल्याकडे दाव्यासोबत दिलेला तूर्तातूर्त मनाईचा अर्ज निशाणी ५ म्हणूनच ओळखला जातो. तो मंजूर झाला असेल आणि भावांनी जमीन विकू नये असा हुकूम असेल, तर हा व्यवहार तिथेच थांबवायचा. मनाई मोडून जमीन विकली तर विकणाऱ्याला संहितेच्या आदेश ३९ नियम २-अ खाली तीन महिन्यांपर्यंत दिवाणी कैद होऊ शकते, आणि तुमच्या हाती येतं ते वादातलं खरेदीखत. अर्ज नामंजूर झाला असेल तरी निर्धास्त होऊ नका. मनाई मिळाली नाही म्हणून बहिणींचा हिस्सा नाहीसा होत नाही.

आता "तो कधीच मिटला" या वाक्याकडे येतो, कारण लोक यावरच फसतात. संगणकावर प्रकरण 'निकाली' दिसतं, पण निकाली निघण्याचे प्रकार अनेक आहेत आणि प्रत्येकाचा अर्थ वेगळा. वादी तारखेला हजर राहिली नाही म्हणून दावा काढून टाकला गेला असेल, तर तो पुन्हा फायलीवर घ्यायचा अर्ज करता येतो. त्याची मुदत ३० दिवसांची असली तरी उशीर माफ होऊ शकतो, आणि हा अर्ज किरकोळ अर्ज म्हणून नव्या नंबराने नोंदला जातो. मूळ दाव्याच्या पानावर तो कदाचित दिसणारच नाही. दावा मागे घेतला असेल, तर नव्याने दावा लावायची मुभा ठेवून घेतला का, हे त्या आदेशातच वाचावं लागतं. लोकअदालतीत तडजोड झाली असेल तर ती सगळ्यात बरी. त्या निवाड्यावर अपील चालत नाही, फक्त तडजोडीत हा गट कुणाच्या वाट्याला आला ते बघायचं. गुणदोषांवर दावा फेटाळला असेल तर जिल्हा न्यायालयात अपील आहे का ते पाहायचं. तिथली मुदतही ३० दिवस, पण इथेही उशीर माफ होतो.

सगळ्यात फसवा प्रकार बहिणी दावा जिंकल्या असतील तेव्हाचा. वाटपाच्या दाव्यात प्राथमिक हुकूमनामा, म्हणजे कुणाचा किती हिस्सा हे ठरवणारा हुकूमनामा, झाला की कोर्टापुरता दावा निकाली दिसतो. पण शेतजमिनीचं प्रत्यक्ष वाटप दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ५४ प्रमाणे कलेक्टरांमार्फत व्हायचं असतं, आणि ते वर्षानुवर्षं पडून राहतं. तोपर्यंत सातबारावर भावांचीच नावं. असा निकाली दावा आणि कोरा सातबारा पाहून पैसे मोजलेली माणसं नंतर आमच्याकडे येतात, तेव्हा फार वाईट वाटतं.

बहिणींचा हक्क कुठून आला, हेही लक्षात घ्या. हिंदू वारसा कायद्याच्या कलम ६ मधली दुरुस्ती ९ सप्टेंबर २००५ पासून लागू आहे, आणि ११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा प्रकरणात स्पष्ट केलं की वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीचा हक्क जन्माने येतो, ९ सप्टेंबर २००५ ला वडील हयात असोत वा नसोत. २० डिसेंबर २००४ पूर्वी नोंदणीकृत किंवा कोर्टामार्फत वाटप झालं असेल तर गोष्ट वेगळी. म्हणून वडिलांच्या मृत्यूनंतरचा वारसाचा फेरफार काढून वाचा. त्यात बहिणींची नावं होती का? होती तर नंतर कशाच्या जोरावर कमी झाली, नोंदणीकृत हक्कसोडपत्रावर की नुसत्या जबाबावर? आमच्या कामात या एका फेरफाराने अनेकदा सगळा उलगडा होतो.

स्क्रीनवरचा शोध झाला की कोर्टात जा, ते टाळू नका. संगणकीकरणाआधी निकाली निघालेले दावे ई-कोर्ट्सवर मिळतीलच असं नाही. कोर्टातल्या ई-सेवा केंद्रात प्रकरणाची स्थिती सांगतात. जुन्या नोंदींसाठी रेकॉर्ड विभागात अर्ज द्यावा लागतो. तुम्ही त्या दाव्यात पक्षकार नाही, त्यामुळे दावाअर्ज आणि हुकूमनाम्याची सही-शिक्क्याची नक्कल मागताना कारण लिहा, विसारपावतीची प्रत जोडा आणि न्यायालयाची परवानगी घ्या. स्थानिक वकील करा, त्यांना हे रोजचं काम आहे. नक्कल आली की दाव्याच्या शेवटी जोडलेलं मिळकतीचं वर्णन आधी वाचा. तुमचा गट नंबर आणि चतुःसीमा त्यात आहेत का, हे तिथेच कळेल.

दुय्यम निबंधकांकडचा शोधही यात येतो. मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ५२ म्हणतं की दावा चालू असताना झालेली विक्री निकालाला बांधील असते. पण महाराष्ट्रात या कलमात जुनी दुरुस्ती आहे: दावा चालू असल्याची नोटीस नोंदणी कार्यालयात नोंदवली असेल तरच ते कलम लागतं. ही लिस पेंडन्सची नोटीस नोंदणी कार्यालयाच्या सूची क्रमांक २ (इंडेक्स टू) मध्ये सापडते. नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर गट नंबराने पाहा, जुनी वर्षं कार्यालयात जाऊन पाहा. नोटीस नसेल तर मोकळे झालो, असं मात्र समजू नका. भाऊ स्वतःच्या हिश्शापेक्षा जास्त विकू शकत नाहीत, आणि शेजाऱ्याने सांगितल्यानंतर "मला माहीतच नव्हतं" हा बचाव तुमच्याकडे उरलेला नाही.

महसुली प्रकरणं ई-कोर्ट्सवर येत नाहीत. तहसीलदार, प्रांत, अपर जिल्हाधिकारी यांच्यापुढे फेरफाराचा वाद असेल तर तो महसूल विभागाच्या ई-क्यूजे कोर्ट प्रणालीत बघा, आणि ताज्या सातबाऱ्यावर प्रलंबित फेरफाराचा उल्लेख आहे का तेही पाहा. उच्च न्यायालयाचा शोधही वेगळा असतो. सातारा जिल्ह्यासाठी १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरचं सर्किट बेंच आहे, त्याआधीची प्रकरणं मुंबईला दाखल झालेली. तेव्हा दोन्हीकडे तपासा.

आता तुमच्या व्यवहाराचं. आजच दोन्ही भावांना स्पीड पोस्टाने पत्र पाठवा. या गटावर कुठल्याही न्यायालयात किंवा महसूल अधिकाऱ्यापुढे प्रकरण होतं का, असल्यास त्याचा सीएनआर नंबर आणि निकालाची प्रत द्या, अशी लेखी मागणी करा. दावा खरंच मिटला असेल तर त्यांना ही प्रत काढून द्यायला अडचण नसावी. वकिलांमार्फत वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्या, आणि ती साताऱ्याच्या आवृत्तीत तसंच बहिणी राहतात तिथल्या आवृत्तीत येईल असं पाहा. शक्य असेल तर बहिणींना स्वतः जाऊन भेटा. त्यांनी खरेदीखतावर लिहून देणार म्हणून सह्या केल्या आणि त्यांच्या हिश्शाची रक्कम त्यांच्या खात्यावर गेली, तर त्यांच्या बाजूचा प्रश्न मिटतो. दावा चालू असेल तर आधी कोर्टात तडजोडीचा हुकूमनामा होऊ द्या, मगच खरेदीखत करा.

आणि विसारपावतीची मुदत संपायच्या आत दोन्ही भावांच्या सह्यांनी मुदतवाढीचा लेख करून घ्या. दाव्याची कागदपत्रं मिळून हक्क निर्वेध असल्याची खात्री होईपर्यंत खरेदीची मुदत वाढली, आणि तसं न झाल्यास दोन लाख परत मिळतील, ही दोन्ही वाक्यं त्यात हवीत. भाऊ सही करत नसतील, तर मुदतीच्या आतच वकिलामार्फत नोटीस पाठवून कळवा की तुम्ही खरेदीला तयार आहात आणि अडलंय ते त्यांनी कागद न दिल्यामुळे. ही नोटीस वेळेत गेली नाही, तर उद्या तेच म्हणतील की खरेदीदाराने मुदत मोडली, विसार बुडाला.