तांडा रचताना आधी बैलाचा हिशोब

तुझ्या काल्पनिक जगातल्या व्यापारी तांड्यावर ड्रॅगन खुशाल घिरट्या घालू देत, पण बैलाचा हिशोब खरा ठेव. नमुन्याला आपला रामघाट घे, कोकणातून बेळगावकडे चढणारा सह्याद्रीतला घाट: वेंगुर्ल्याहून मीठ आणि सुकी मासळी वर, बेळगावहून तांदूळ आणि गूळ खाली. ओझ्याचा बैल १०० ते १२५ किलो नेतो, चढणीला त्याहून कमी धर. कंठाळीच्या, म्हणजे बैलाच्या पाठीवरून दोन्हीकडे लोंबणाऱ्या जोडगोणीच्या, दोन्ही बाजू तोलूनच भरायच्या. एक बाजू जड झाली की कंठाळ सरकते, पाठ सोलवटते आणि तो बैल जखम भरेपर्यंत रिकामा चालवावा लागतो. त्याचा माल कोणावर लादणार, हे आधीच ठरव. दिवसाची मजल १०-१५ किलोमीटरचीच, कारण चरायला वेळ लागतो. पीटर मंडी या इंग्रज प्रवाशाने १६३२ मध्ये भारतात १४,००० बैलांचा तांडा पाहिला होता. एवढ्यांना पाणी कुठलं? नकाशात पाणवठे आधी मांड, शहरं नंतर. पावसाळ्यात घाट बंदच ठेव, भिजलेलं मीठ गोणीतूनच पाझरून जातं.